मूठमाती

आपल्याकडे, सातारा-सांगलीच्या पट्ट्यात, कोणाच्या अंत्यविधीला जाऊन आलेला माणूस ‘मातीला जाऊन आलो’ असे म्हणतो. मयताला अग्नी दिलेला असो की दफन केलेले असो, जाणारा मातीलाच जातो. दुसरीकडे वर्तमानपत्रांत रोज कुठल्या ना कुठल्या प्रथेला मूठमाती दिलेली असते. हा शब्द आपण इतका वापरला की त्यातली मूठही गेली आणि मातीही गेली. मला तो पुन्हा सापडला एका ग्रीक नाटकात, तेही इंग्रजीतून वाचताना. श्रोतेहो, त्या नाटकाबद्दल आणि त्याच्या गोतावळ्यातल्या आणखी दोन नाटकांबद्दल आज बोलायचे आहे.

आधीच सांगून टाकतो, मला ग्रीक येत नाही. मराठी घेऊन बी. ए. झालो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो, आणि उरलेल्या वेळात कविता. इंग्रजी वाचता येते, पण शब्दकोश शेजारी लागतो. तेव्हा या बाबतीत मी दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणारा माणूस आहे. मात्र इतक्या वर्षांत एक गोष्ट कळली. ओंजळी दोन-तीन असल्या तर पाण्याची चव बरीचशी लागते. एकाच भाषांतरावर विसंबू नये. जिथे दोन भाषांतरकार वेगवेगळे बोलू लागतात, तिथे मुळात काहीतरी अवघड दडून बसले आहे असे समजावे आणि तिथेच थोडे थांबावे.

पहिले पुस्तक मिळाले १९९१ साली, साताऱ्यात राजवाड्याजवळ, रद्दीच्या दुकानात. ई. एफ. वॉटलिंग यांनी इंग्रजीत आणलेली सोफोक्लीजची तीन नाटके. मागचे पान फाटलेले, किंमत पाच रुपये. मी ते उचलले ते पु. ल. देशपांड्यांमुळे. त्यांचे ‘राजा ओयदिपौस’ हे भाषांतर १९७९ चे. कॉलेजात असताना वाचनालयातून आणून वाचले होते. इंग्रजी वळणाचे ईडिपस न घेता ओयदिपौस हा ग्रीकाला जवळचा उच्चार पुलंनी घेतला. त्यांच्या आधी सदानंद रेग्यांनी याच नाटकावरून ‘जयकेतू’ केले, त्यात राजाला सरळ आपल्याकडचे नाव देऊन टाकले. एक रस्ता आपण त्यांच्या गावी जाण्याचा, दुसरा त्यांना आपल्या गावी आणण्याचा. आपल्या भागाला दुसऱ्या रस्त्याची सवय जुनी. कराडजवळच्या टेंभूच्या आगरकरांनी १८८३ साली हॅम्लेटचे ‘विकारविलसित’ केले. सांगलीजवळच्या हरिपूरच्या देवलांनी ऑथेल्लोला ‘झुंझारराव’ केले. ओयदिपौसाच्या मुलीची गोष्ट मात्र माझ्यापर्यंत आली ती त्या फाटक्या पुस्तकातूनच.

या मुलीचे नाव अँटिगनी. नाटक ख्रिस्तपूर्व ४४१ च्या सुमाराचे, अथेन्समधले. तिथे डायोनायसस या देवाच्या उत्सवात नाटकांच्या स्पर्धा लागत. आपल्या यात्रेत दुपारी कुस्त्यांचा फड आणि रात्री तमाशा असतो, तसाच तो गावाचा सोहळा. फरक इतकाच की तिथे लोक दिवसाउजेडी डोंगराच्या उतारावर बसून शोकांतिका बघत, आणि कोणाची सरस याचा निकाल लागे.

गोष्ट अशी. थीब्ज नगराच्या राज्यावरून दोन सख्खे भाऊ भांडतात. एक शहराच्या आत, दुसरा परक्यांची फौज घेऊन वेशीबाहेर. दोघे एकमेकांच्या हातून मरतात. राज्य येते मामाकडे, क्रेऑनकडे. तो हुकूम काढतो : आतल्या भाच्याला सन्मानाने माती द्या. बाहेरचा गद्दार. त्याला कोणी शिवायचे नाही, कोणी रडायचे नाही. कुत्र्या-गिधाडांनी खाऊ दे. जो माती देईल त्याला मरण.

अँटिगनी ही त्या दोघांची बहीण. ती रात्रीची जाते आणि भावाच्या देहावर माती भुरभुरते. खड्डा खणायला तिच्याजवळ कुदळ नाही, माणसे नाहीत. कोरड्या मातीचा नुसता पातळ थर. ग्रीकांच्या समजुतीने तेवढ्याने विधी पुरा होई. इंग्रजी भाषांतरकारांना हे सांगायला तळटीप द्यावी लागते, नाहीतर वाचकाला वाटेल की एवढीशी धूळ टाकून झाले काय? मी तळटीप वाचत बसलो होतो आणि एकदम ध्यानात आले की अरे, ही तर मूठमाती. शब्दशः. आम्हा मुसलमानांत मातीला आलेला प्रत्येक जण तीन मुठी माती टाकतो. लहानपणी आजोबांच्या वेळी मी त्या टाकल्या होत्या. माझ्या मुठीत किती मावणार! पण वडिलांनी माझा हात धरून मोजून तीन वेळा टाकायला लावल्या.

या नाटकातले मला सर्वांत आवडणारे पात्र म्हणजे पहारेकरी. देहावर कोणीतरी माती टाकली ही खबर राजाला द्यायला त्याला चिठ्ठ्या टाकून निवडलेले असते. बिचारा येतो तो चार पावले पुढे, दोन मागे. राजासमोर आल्यावर आधी आपली कैफियत : मी केले नाही, मी पाहिले नाही, मला बोल लावू नका. मग खबर. तालुक्याच्या कचेरीत साहेबापुढे उभा राहिलेला आपला कोतवाल असाच बोलतो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या गंभीर नाटकात हा माणूस आला की मला हायसे वाटते. त्याच्यामागून कोरस, म्हणजे नगरातले म्हातारे. आपल्या शाहिराचे झिलकरी झील धरतात, तसे हे गातात. पण त्यांना राजाची भीती आहे. त्यामुळे मुलीची बाजू घेतल्यासारखे करतात आणि परत राजाकडे सरकतात. गावची पंच मंडळी!

आता भाषांतराची एक गंमत सांगतो. नाटकाच्या अगदी पहिल्या ओळीत अँटिगनी आपल्या बहिणीला, इस्मेनीला, हाक मारते. ही ओळ भाषांतरकारांची परीक्षा घेणारी म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्यात ‘बहीण’ हे नाते सांगणारे शब्द एकावर एक रचले आहेत, आणि ग्रीकातल्या भाऊ-बहीण या शब्दांचे मूळच ‘एका गर्भाचे’ असे आहे. इंग्रजीत कोणी ‘लाडकी बहीण’ म्हणून मोकळे होतो, कोणी तीन शब्दांची माळ लावतो. मी शब्दकोश बाजूला ठेवला. आपल्याकडे ‘सहोदर’ आहे. ‘पाठची’ आहे. ‘एका पोटची’ आहे. इंग्रजाला जिथे घाम फुटतो तिथे मराठीत शब्द दारात उभे असतात. त्या दिवशी पहिल्यांदा वाटले की हे नाटक इंग्रजीपेक्षा मराठीत अधिक सरळ येईल. मोठा विद्वान असल्यासारखे बोलतोय खरा, पण हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलेल्या त्या चार ओळी माझ्याजवळ अजून आहेत.

पुढे रॉबर्ट फेगल्स यांचे भाषांतर मिळाले, १९८२ चे. त्याने वॉटलिंगपेक्षा वेग जास्त दिला. वॉटलिंगची अँटिगनी मला थोडी मुख्याध्यापिकेसारखी बोलते असे वाटे. फेगल्सची खरोखर भांडते. आणि मग आयर्लंडचे कवी शेमस हीनी यांचे रूपांतर, २००४ चे. त्यांनी नाटकाचे नावच बदलून थीब्जमधले दफन असे केले. डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटरने आपल्या शताब्दीसाठी ते लिहून घेतले होते. हीनींनी एका व्याख्यानात सांगितले की हे नाटक हातात घेताना त्यांना १९८१ सालचा फ्रान्सिस ह्यूज आठवला. त्यांच्या भागातल्या ओळखीच्या घरातला हा तरुण तुरुंगात उपोषण करून मेला. त्याचा देह पोलिसांच्या ताब्यात, आणि घरची-गावची माणसे वाट बघत उभी. देह कोणाचा, सरकारचा की घरच्यांचा? अँटिगनी आणि क्रेऑन यांचे भांडण नेमके हेच. हीनींनी आणखी एक केले. अँटिगनीच्या तोंडी कोणती लय घालावी हे त्यांना सुचेना. शेवटी अठराव्या शतकातल्या एका आयरिश बाईने मारल्या गेलेल्या नवऱ्यासाठी केलेल्या विलापाची लय त्यांनी उचलली. हे वाचल्यापासून माझ्या डोक्यात आहे की मराठीत अँटिगनीला ओवी द्यावी. जात्यावर बसून भावाची वाट पाहणाऱ्या बाईचा तो छंद. भावाविषयी मराठीत जितके ओवीत बोलले गेले, तितके दुसरीकडे कुठे?

आता जरा सातारा जिल्ह्यात येतो. सातवीत असताना शाळेची सहल प्रतापगडावर गेली होती, एसटीने. वर्गात मुसलमानांची मुले आम्ही दोघेच. गडाच्या पायथ्याशी अफझलखानाची कबर. १० नोव्हेंबर १६५९ ची ती हकिगत सगळ्यांना तोंडपाठ. कबरीपाशी आल्यावर पोरे आमच्या दोघांकडे बघायला लागली. कुठे तोंड लपवावे कळेना, जणू खान आमचा मामा लागत होता! तेवढ्यात गुरुजी म्हणाले, ‘‘बघा रे, खानाला महाराजांनी रीतसर माती दिली.’’ दफन महाराजांनीच करवले अशी आपल्याकडे परंपरा आहे. पोरे पुढे पळाली. त्या कबरीवरून नंतर काय काय वाद झाले ते आपण वाचलेले आहेत, त्यात मी शिरत नाही. पण क्रेऑनचा हुकूम वाचताना मला ती सहल आठवली, आणि गुरुजींचे ‘माती दिली’ हे दोन शब्दही. रामायणातही रावण पडल्यावर बिभीषण त्याचे क्रियाकर्म करायला कचरतो, तर रामच त्याला ते करायला सांगतो.

सोफोक्लीजचेच आणखी एक नाटक आहे, ‘अजॅक्स’. त्याची चर्चा कमी होते. ट्रॉयच्या युद्धातला हा पहिलवान गडी. मानाची शस्त्रे आपल्याला न मिळता ओडिसिअसला मिळाली, म्हणून त्याचे डोके फिरते. रात्री तो आपल्याच सरदारांना कापायला निघतो. देवी त्याच्या डोळ्यांवर पडदा टाकते, आणि तो सरदार समजून गुरे-मेंढरे कापत सुटतो. सकाळी शुद्धीवर येतो आणि लाजेने तलवारीवर पडून मरतो. पण हे सगळे अर्ध्यातच होते. उरलेले नाटक एकाच गोष्टीवर : याला माती द्यायची की नाही? बडे सरदार म्हणतात, नाही. सावत्र भाऊ ट्युसर म्हणतो, देणारच. भांडण हातघाईवर येते आणि तेव्हा मध्ये पडतो तो ओडिसिअस, मेलेल्याचा पक्का वैरी. तो सेनापतीला वळवतो. मग ट्युसरला म्हणतो, मीही हात लावतो. आणि ट्युसर त्याला हात जोडून नाही म्हणतो. तुमचे उपकार मोठे, पण त्याला ते आवडणार नाही, तुम्ही देहाला शिवू नका. ही जागा मी किती वेळा वाचली असेल. नाटककाराला दोघांना गळ्यात गळा घालायला लावता आले असते. त्याने तसे केले नाही. वैर संपले, पण संकोच उरला. आपल्या गावांतून असे ट्युसर आणि ओडिसिअस मी पाहिलेले आहेत.

या नाटकांतली किती उरली माहीत आहे? सोफोक्लीजने सुमारे १२० लिहिली, पूर्ण उरली ७. एस्किलसच्या नावावरची ७. युरिपिडीजची मात्र १८ किंवा १९, कारण एक नाटक त्याचे की नाही यावर वाद आहे. युरिपिडीजची जास्त का? तो थोर म्हणून नव्हे. शाळांत शिकवायला निवडलेली त्याची दहा नाटके टिकलीच, पण त्याच्या समग्र नाटकांच्या संग्रहाचा एक तुकडाही योगायोगाने नकलांमधून वाचला. तो संग्रह वर्णक्रमाने लावलेला होता. त्यामुळे ग्रीक बाराखडीतल्या ठरावीक तीन-चार अक्षरांची नाटके राहिली, बाकीची गेली. नावाच्या पहिल्या अक्षरावर नाटकाचे नशीब!

हे वाचले तेव्हा हसलो होतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हसू गेले. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. नगर वाचनालयात पाणी शिरून हजारो पुस्तके भिजली. माझ्या घरातले खालचे दोन कप्पे लगद्यासारखे झाले. वॉटलिंग त्यातच गेला. युरिपिडीजच्या नाटकांचा एक खंड, फिलिप व्हेलॅकॉट यांच्या भाषांतराचा, तेवढा वाचला, कारण मिरजेच्या एका मित्राने तो सहा वर्षांपूर्वी नेला होता आणि परत केला नव्हता. पुस्तक उसने नेणाऱ्यांना मी तेव्हापासून बोल लावत नाही. इजिप्तच्या टॉलेमी राजानेही अथेन्सकडून या तिघा नाटककारांच्या अधिकृत प्रती १५ टॅलेंट चांदी अनामत ठेवून नकलेसाठी नेल्या, मूळ प्रती अलेक्झांड्रियात ठेवून घेतल्या आणि नकला परत पाठवल्या, अशी जुनी गोष्ट आहे. अनामतीवर पाणी सोडले. पुढे ते ग्रंथालयही राहिले नाही. आणि अगदी अलीकडे, २०२२ साली, इजिप्तमधल्या एका प्राचीन दफनभूमीत पपायरसचा तुकडा मिळाला. त्यावर युरिपिडीजच्या दोन हरवलेल्या नाटकांतल्या जवळजवळ शंभर ओळी होत्या. २०२४ मध्ये त्या छापूनही आल्या. मातीने तेवढ्या सांभाळल्या होत्या.

मे २०२१ मध्ये माझे थोरले भाऊ साताऱ्यात कोरोनाने गेले. इतर असंख्य घरांत झाले तेच आमच्या घरात झाले, म्हणून त्याविषयी फार बोलत नाही. जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागत होता. तो मिळवून, नाक्यानाक्यावर दाखवत, कराडमार्गे मी पोचलो तेव्हा उशीर झाला होता. देह प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आलेला. आमच्यात मयताला आंघोळ घालतात, त्याला गुस्ल म्हणतात. ती झाली नाही. मौलवींनी सांगितले, अशा वेळी सवलत आहे, मनाला लावून घेऊ नका. कबर भरून होत आली होती. अंगभर पांढरा पोशाख घातलेला पालिकेचा एक कर्मचारी फावडे घेऊन उभा होता. चेहरा दिसत नव्हता. मला बघून म्हणाला, ‘‘काका, तुम्ही भाऊ ना? माती ठेवलीय तुमच्यासाठी.’’ कडेला एक छोटा ढीग त्याने शिल्लक ठेवला होता. मी एकदा मूठ टाकली आणि तसाच उभा राहिलो. तोच म्हणाला, ‘‘तीन टाकतात तुमच्यात.’’ त्याच्या हातावर देवाचे नाव गोंदलेले दिसले, हातमोज्याच्या वर. मी आणखी दोन टाकल्या.

त्यानंतर महिनाभर काही वाचवले नाही. मग मिरजेहून परत आलेला तो खंड उघडला. त्यात युरिपिडीजचे एक नाटक आहे, आर्जव करायला आलेल्या आयांचे. अँटिगनीच्याच युद्धातली गोष्ट. बाहेरून चालून आलेल्या फौजेतले सरदार थीब्जच्या वेशीवर पडले आणि थीब्जवाले त्यांचे देह देईनात. त्यांच्या म्हाताऱ्या आया अथेन्सचा राजा थीसिअस याच्याकडे पदर पसरायला येतात. तो आधी नाही म्हणतो. त्याची आई त्याला समजावते. मग तो लढून देह मिळवतो. शहर जिंकता येत असूनही वेशीवरूनच परततो, कारण तो देहांसाठी आला होता. ख्रिस्तपूर्व ४२४ मध्ये डेलियमच्या लढाईनंतर थीब्जकडच्या लोकांनी अथेन्सचे मृत सैनिक खरोखरच अडवून ठेवले होते, त्यामुळे हे नाटक पाहताना लोकांच्या मनात काय आले असेल ते सांगायला नको. हेही त्या अक्षरांच्या लॉटरीतलेच. नाव दुसऱ्या अक्षराने सुरू होते तर आज माझ्या हातात नसते.

त्यात एक जासूद लढाईची हकिगत सांगतो. ऐकणारा विचारतो, ते देह उचलले कोणी, गुलामांनी? जासूद म्हणतो, नाही. राजाने स्वतः. त्या परक्या माणसांच्या जखमा थीसिअसने आपल्या हाताने धुतल्या, त्यांना निजवले, वर वस्त्र पांघरले. ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही. तिथे मी पुस्तक मिटले.

मराठी करायला घेतले ते याच भागापासून. इंग्रजीत शब्द साधा आहे, धुतले. मी तसेच लिहिले. ईदला साताऱ्याला गेलो तेव्हा भाभींना वाचून दाखवले. त्यांचे शिक्षण उर्दू चौथीपर्यंत. ग्रीस कुठे आहे हे त्यांनी विचारले नाही. थीसिअसला मुले किती, हे विचारले. मग म्हणाल्या, पुन्हा वाचा. वाचले. म्हणाल्या, ‘‘धुतले काय लिहिता? धुतात कापडं. आंघोळ घातली म्हणा.’’

तेवढे मी बदलले. बाकी भाषांतर अजून अर्धे राहिले आहे.